सासूबाईंची चिठ्ठी

प्रिय शहाणे,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. पत्राचं कारण वेगळंच आहे. घरात बोलले तर "एका केकसाठी एवढं?" म्हणतील. तू म्हणणार नाहीस, कारण ऑक्झॅलिक ॲसिड हा आपल्या दोघींचा प्रयोगशाळेपासूनचा जिव्हाळ्याचा विषय.

सासूबाईंचा रूबार्बचा, त्या आंबट देठांच्या भाजीचा, केक आठवतो ना? "भाज्यांचे कसले केक करता," असं म्हणत तू पुन्हा पुन्हा मागून खाल्लास तो. त्याची चिठ्ठी आता माझ्याकडे आलीय. अंड्याएवढं लोणी, 1 अंडं, दीड कप साखर, 2 कप मैदा, 1 चमचा सोडा, 1 कप दूध, रूबार्ब असेल तेवढा, मध्यम आच, होईपर्यंत. संपलं! पानं त्याच ऑक्झॅलिक ॲसिडने विषारी, खायचे ते फक्त देठ, हेसुद्धा लिहिलेलं नाही. हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

नणंदबाई आल्या होत्या. "अगदी आईच्या चिठ्ठीबरहुकूम कर" म्हणाल्या, तसा केला. रंग झकास, गडद तपकिरी. चव साबणाची आणि मधोमध गच्च ओला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं तुला ठाऊक आहे.

रात्री झोप कसली! एवढ्या सोड्याला नुसतं गोड दूध पुरणारच नव्हतं. त्याला आंबट हवं. देठ आंबट खरे, पण त्यांचा रस सुटतो ओव्हनमध्ये गेल्यावर, आणि तोही जिथल्या तिथे. सगळ्या पिठाला त्याचा काय उपयोग? मग आठवलं, खिडकीतल्या निळ्या भांड्यात सासूबाईंचं कालचं उरलेलं दूध असायचं, आंबलेलं. त्यांच्या लेखी केकचं दूध म्हणजे तेच. आणि गप्पा मारता मारता त्या कापांना साखर लावून ठेवायच्या, सुटलेलं पाणी ओतून घ्यायच्या, वर चिमूटचिमूट मैदा चोळायच्या. आपल्याला वाटायचं, बाईंच्या हाताला चाळा लागतो. देठात जवळजवळ सगळं पाणीच, ते काढलं नाही तर केक मध्ये बसणारच.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तसा केला. दुधात चमचाभर लिंबाचा रस पिळून दहा मिनिटं ठेवलं, ओव्हन 180 अंशांवर, पाऊण तास. नणंदबाईंनी घास घेतला, "आईचाच," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या त्या फर्मान घेऊनच: चिठ्ठीचा फोटो पाठव, मी घरी करीन.

आता सांग, काय पाठवू? आहे तशी पाठवली तर त्यांचा केक साबण होणार, आणि वहिनीने काहीतरी हातचं राखलं असं ठरणार. शिवणयंत्राचं प्रकरण अजून विरलेलं नाही. दुरुस्त्या करून पाठवली तर आईच्या अक्षरात ढवळाढवळ. हे म्हणतात, चिठ्ठी आणि तुझा कागद दोन्ही पाठव. पुरुषांना सगळं सोपं वाटतं! माझा कागद गेला की तो "वहिनीचा केक" म्हणून सगळ्या बहिणींत फिरणार, आणि मला ते नकोय. माझं त्यात काहीच नाही गं, एक लिंबू सोडलं तर.

तिसरा मार्ग तुझा. ऑक्झॅलिक ॲसिडचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीच जर्नलमध्ये रीडिंग लिहायचीस आणि त्यात थेंब थेंब सोडलेल्या परमँगनेटचा गुलाबी रंग टिकतोय की नाही हे न बघता ब्युरेटची तोटी बंद! प्रयोगाच्या बाईंनी वही मात्र माझी लाल केली. त्याची माफी मी अजून दिलेली नाही, गैरसमज नको. तरी मनात येतं, सासूबाईंच्याच अक्षराच्या वळणाने "आंबट" एवढा एकच शब्द दुधाच्या आधी घालावा. तू असतीस तर घातलाही असतास. मला हात धजत नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, वाईट वाटलं. लेकीचं अभिनंदन, तिला वेगळं लिहीन. 

रविवारी नणंदबाईंचा फोन येणार, त्याआधी उत्तर हवं. लिहूनच पाठव, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझीच,
लाल वहीवाली

ता. क. नणंदबाईंचा केकचा साचा ॲल्युमिनियमचा आहे. आंबट देठ त्यात भाजले तर धातूची चव उतरेल ती वेगळीच. हेही मीच सांगायचं का?