गेम मास्टरने कथानक नव्हे, परिस्थिती रचावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांची ओळख करून देताना गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, हा ‘गोष्ट सांगणारा’ असतो असे सर्रास लिहिले जाते. या वर्णनामुळे नव्याने हे काम अंगावर घेणारी मंडळी पहिल्याच दिवसापासून भलत्या वाटेला लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ती आरंभापासून शेवटापर्यंत कथानक लिहून काढतात आणि खेळाडूंनी त्याबाहेर पाऊल टाकले की काहीतरी निमित्त काढून त्यांना परत आत ओढतात.

या खेळांचा उगमच मुळी याच्या विरुद्ध आहे. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ हा युद्धखेळ मांडला, तेव्हा सैन्याच्या तुकड्यांबरोबरच नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावातील व्यक्तींच्या भूमिकाही त्यांनी खेळाडूंना दिल्या. खेळाडू परस्पर बोलणी आणि कारस्थाने करू लागले, तेव्हा खेळ पार फसला असे वेस्ली यांना वाटले. खेळाडू मात्र पुन्हा खेळायचे म्हणून मागे लागले. वेस्ली यांच्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग खेळ आणला.

तयारी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. उलट खेळाडूंच्या हाती सूत्रे द्यायची असतील तर तयारी अधिक काटेकोर लागते, फक्त ती वेगळ्या गोष्टींची. समजा, किल्ल्यात एक कैदी आहे. त्याला कसे सोडवले जाईल हे गेम मास्टरने ठरवायचे नाही; किल्लेदाराला काय हवे आहे, पहारेकरी कोणाचा कर्जदार आहे, कोणीच मध्ये पडले नाही तर कैद्याचे तीन दिवसांनी काय होईल, एवढे त्याने नोंदवून ठेवायचे. मग खेळाडूंनी तटावर चढण्याऐवजी सावकाराकडून पहारेकऱ्याचे कर्जखत विकत घेतले, तरी गेम मास्टर गडबडत नाही. पुढे काय होईल, हे त्याला त्याच्या टिपणांतूनच कळते.

सर्वांत घातक सवय आहे ती खोट्या पर्यायांची. खेळाडू डावीकडे वळोत की उजवीकडे, राक्षस त्यांच्याच वाटेवर उभा करायचा, ही युक्ती अनेकजण अभिमानाने सांगतात. खेळाडूंना कळतच नाही, मग बिघडले कुठे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. परंतु हे फार काळ लपत नाही, आणि एकदा लक्षात आले की खेळाडू विचार करणेच सोडून देतात. पुढे काय करायचे हे गेम मास्टरच्या चेहऱ्यावरून ओळखू पाहतात. शिवाय दोन वाटा नुसत्या दाखवून भागत नाही. एका वाटेवर ताजे ठसे आहेत आणि दुसरीवरून जाणारे व्यापारी हल्ली परतलेले नाहीत, एवढी माहिती तरी हाती असली पाहिजे. एरवी ती निवड नसून निव्वळ अंदाज असतो.

फासे या बाबतीत मोठी मदत करतात. अनोळखी व्यक्ती खेळाडूंशी कशी वागेल हे दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेवरून ठरवण्याची पद्धत जुनीच आहे. सातची बेरीज छत्तीसपैकी सहा वेळा येते, तर दोन आणि बारा प्रत्येकी एकदाच. त्यामुळे उघड वैर (दोन) किंवा मनापासूनचे स्वागत (बारा) क्वचितच घडते, बहुतेक वेळा समोरचा माणूस साशंक असतो आणि बोलणी करायला वाव उरतो. मात्र पडलेला फासा सोयीसाठी गुपचूप बदलू नये. खेळाडूंनी जाणूनबुजून पत्करलेला धोका तसा बदल केल्याने निरर्थक ठरतो, मग तो त्यांच्या भल्यासाठी का असेना.

एवढ्या मोकळ्या जगाची तयारी करायची तरी किती, ही नवख्यांची भीती रास्त आहे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी, सर्वजण उठण्यापूर्वी, ‘पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार?’ असे खेळाडूंना विचारावे आणि तेवढ्याच भागाची तयारी करावी. हा प्रश्न गप्प बसणाऱ्या खेळाडूला सर्वांत आधी विचारावा, कारण एरवी मोठ्याने बोलणाऱ्यांचीच इच्छा सगळ्यांची म्हणून धरली जाते.

आपला नम्र,
एक गेम मास्टर