आजोबा, बोल्ट्झमनला भेटून आले

व्हिएन्ना
रविवार, रात्री

ती. आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या पत्रात तुम्ही माझ्या तब्येतीच्याही आधी विचारलं होतंत, "वर्ष होत आलं तिथे, बोल्ट्झमनकडे गेलीस का?" आज तुमच्या त्या पदार्थवैज्ञानिकाच्या थडग्याशी जाऊन आले. पाय भरून आलेत, पण झोपायच्या आधी लिहून काढते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

इथल्या मध्यवर्ती दफनभूमीकडे ७१ नंबरची ट्राम जाते. दफनभूमी सुरू झाली १८७४ साली. अडीच चौरस किलोमीटरचा पसारा, आणि त्यात आजवर सुमारे तीस लाख माणसं पुरली गेलीत. जिवंत व्हिएन्नाची वस्ती वीस लाखांच्या आसपास. आतल्या आत फिरायला बस आहे. मी मात्र चालतच गेले.

बोल्ट्झमनचा अर्धपुतळा पांढरा आहे. दाढी, रुंद कपाळ, आणि डोक्याच्या वर दगडात कोरलेलं तेच, जे तुम्ही फळ्याच्या अगदी मधोमध लिहायचात: एस बरोबर के लॉग डब्ल्यू. खाली नाव, जन्म १८४४, मृत्यू १९०६. माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले. तुम्ही मला चार गोट्या आणि दोन वाट्या देऊन हे शिकवलं होतंत, आठवतं? चारही गोट्या डाव्या वाटीत जायची रीत एकच, दोन-दोन वाटल्या जायच्या रीती सहा. गोट्या दहा केल्या तर पाच-पाचच्या रीती २५२ होतात आणि सगळ्या डावीकडे जायची रीत तरीही एकच राहते. मग तुम्ही म्हणाला होतात, आता गोट्यांच्या जागी या खोलीतल्या हवेचे रेणू घे. हवा एका कोपऱ्यात का गोळा होत नाही, चहा आपोआप गरम का होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डब्ल्यू म्हणजे त्या रीतींची संख्या, आणि एस म्हणजे एंट्रॉपी, विस्कळीतपणाचं माप. धाकट्याला अजून दाखवलं नसेल तर या सुट्टीत दाखवा. तो आता त्या वयाचा झालाय.

एक गोष्ट मला इथे येऊन कळली. हे सूत्र या रूपात बोल्ट्झमनने कधी लिहिलं नव्हतं. एंट्रॉपी आणि संभाव्यतेचं नातं त्याचं, पण 'के' हा स्थिरांक घालून ते असं नेटकं मांडलं माक्स प्लांकने, आणि त्या स्थिरांकाला नाव पडलं बोल्ट्झमनचं. म्हणजे त्याच्या डोक्यावरची ओळसुद्धा दुसऱ्याच्या अक्षरातली आहे. हे वाचल्यावर मला तो दगड जास्त आवडायला लागला.

अणू खरोखर असतात यावर त्याने उभं आयुष्य लावलं. याच शहरात एर्न्स्ट माख होता, मोठा पदार्थवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ, आणि त्याला अणू मान्य नव्हते. माखनंतर तत्त्वज्ञानाची व्याख्यानं बोल्ट्झमनकडेच आली. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवतोय म्हटल्यावर सुरुवातीला सभागृह पुरत नव्हतं. लहानपणी तो पियानो शिकला तो आंतोन ब्रुकनरकडे, म्हणजे पुढे सिम्फनींसाठी नावाजलेल्या ब्रुकनरकडे. बीथोवन त्याचं दैवत. पण मन फार हेलकावे खायचं त्याचं. सप्टेंबर १९०६ मध्ये, समुद्राकाठच्या दुईनो गावात, बायको-मुलीबरोबर सुट्टीवर गेलेला असताना त्याने स्वतःला संपवलं. आदल्याच वर्षी आइनस्टाइनचा ब्राउनियन गतीवरचा, म्हणजे पाण्यातले बारीक कण रेणूंच्या धक्क्यांनी कसे हलतात यावरचा, निबंध छापून आला होता. बोल्ट्झमन गेल्यावर दोन वर्षांनी पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोग करून तो पडताळायला घेतला आणि अणूंबद्दलचा वाद मिटत गेला. दोन वर्षं, आजोबा. हे स्मारक उभं राहिलं ते १९३३ मध्ये.

तिथून मी संगीतकारांच्या भागात गेले. तिकडे गर्दी होती, फुलं होती, फोटो चालले होते. बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स, योहान श्ट्राउस, सगळे हाकेच्या अंतरावर. पाहणाऱ्याला वाटतं की हे असेच शेजारी-शेजारी गेले असतील. तसं नाही. बीथोवन १८२७ मध्ये वारला तेव्हा ही दफनभूमी नव्हतीच. त्याला वेरिंगच्या गावठाणातल्या दफनभूमीत पुरलं. अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांत शूबर्ट होता, तीस वर्षांचा. पुढच्या वर्षी, बरोबर बीथोवनच्या पहिल्या स्मृतिदिनी, २६ मार्चला, शूबर्टने फक्त स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम केला. आयुष्यातला तेवढा एकच. नोव्हेंबरात तो गेला.

शेवटच्या दिवसांत तापात तो बरळत होता, की इथे बीथोवन नाही. थोरल्या भावाने, फेर्डिनांडने, त्याचा अर्थ लावला की याला बीथोवनजवळ जायचंय. जवळच्या दफनभूमीत स्वस्तात झालं असतं, पण फेर्डिनांडने वडिलांना पत्र लिहून जास्तीचा खर्च मान्य करून घेतला आणि भावाला वेरिंगला नेलं. फेर्डिनांड शाळामास्तर होता. तुमच्यासारखाच.

त्या मास्तराने आणखी एक केलं. धाकट्याचे कागद सांभाळून ठेवले. दहा वर्षांनी संगीतकार रॉबर्ट शुमान व्हिएन्नात आला, वेरिंगला जाऊन दोन्ही थडगी पाहिली, आणि परतताना त्याच्या लक्षात आलं की शूबर्टचा भाऊ याच शहरात आहे. तो त्याच्या घरी गेला. फेर्डिनांडने हस्तलिखितांचा ढीग पुढे ठेवला, आणि त्यात ती सी मेजरमधली मोठी सिम्फनी होती, जी शूबर्टच्या हयातीत 'फार अवघड' म्हणून बाजूला पडली होती. शुमानने ती लाइपझिगला पाठवली आणि मार्च १८३९ मध्ये मेंडेल्सझोनने ती वाजवून घेतली. शुमानला बीथोवनच्या थडग्यावर एक पोलादी टाक सापडला होता. तो त्याने खास प्रसंगासाठी जपून ठेवला आणि या सिम्फनीवरचा लेख त्याच टाकाने लिहिला. दोघांना इथे हलवलं १८८८ मध्ये, पुन्हा शेजारी-शेजारीच. शूबर्टच्या सिम्फनी तपासून छापायला ज्याने मदत केली तो ब्राम्स त्यांच्या पलीकडे आहे.

मधोमध मोझार्टचं स्मारक आहे, पण खाली मोझार्ट नाही. त्याला १७९१ मध्ये सेंट मार्क्सच्या दफनभूमीत पुरलं, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, खूण न ठेवता. पुढे अंदाजाने जागा ठरवून तिथे स्मारक बसवलं, आणि शंभराव्या स्मृतिवर्षी तेही इकडे आणलं. सेंट मार्क्सची जागा पुन्हा उघडी पडली. तेव्हा तिथल्या राखणदाराने इतर थडग्यांचे टाकून दिलेले तुकडे गोळा केले, एक मोडका खांब, एक दुःखी देवदूत, आणि आपल्या हाताने तिथे खूण उभी केली. मी मागच्या महिन्यात तिथे गेले होते. दोन्ही पाहिल्यावर सांगते, मला राखणदाराचं स्मारक मोझार्टच्या जास्त जवळचं वाटलं.

आता तुम्हाला न विचारता एक सांगते, कारण हे सांगायला मी आठवडाभर थांबलेय. माझ्या रोजच्या वाटेवर कार्ल्सप्लात्झला तंत्रविद्यापीठाची मोठी इमारत लागते. तिच्या भिंतीवर एक पाटी आहे. संगीतकार विवाल्डी १७४१ च्या जुलैमध्ये या शहरात वारला, गरिबीत, आणि त्याला पुरलं ती दफनभूमी इथे होती. थडगं नाही, हाडं नाहीत, वर वर्ग भरतात. आणि संगीत? तेही जवळजवळ दोनशे वर्षं गेल्यातच जमा होतं. बाखने त्याच्या काही रचना आपल्या वाद्यांसाठी उतरवून घेतल्या म्हणून अभ्यासकांना नाव ठाऊक, एवढंच.

१९२६ मध्ये इटलीत एका धार्मिक शाळेला इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुनी बाडं विकायला काढली आणि किंमत ठरवायला तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दाखवली. अल्बेर्तो जेंतीली नावाच्या संगीत-अभ्यासकाने पेट्या उघडल्या, तर आत विवाल्डीच्या संगीताचे खंडच्या खंड. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. बाहेर कळलं तर दलाल तुटून पडले असते. जेंतीलीने रोबेर्तो फोआ या ओळखीच्या माणसाला गळ घातली. फोआचा मुलगा अगदी तान्हेपणी गेला होता. त्याने सगळा संग्रह विकत घेतला आणि मुलाच्या नावाने ग्रंथालयाला दिला.

मग लक्षात आलं की हा अर्धाच संग्रह आहे. उरलेला अर्धा जेनोव्हातल्या एका सरदार घराण्यात होता आणि तो सोडवून घ्यायला काही वर्षं गेली. १९३० मध्ये तो हाती आला तेव्हा पैसे दिले फिलिप्पो जोर्दानो या कारखानदाराने. त्याचाही लहान मुलगा गेला होता. त्यानेही मुलाचंच नाव दिलं. दोन अनोळखी बाप, आजोबा. आज कोणी तुरीनमधलं विवाल्डीचं हस्तलिखित मागवलं तर चिठ्ठीवर त्या दोन पोरांची नावं लिहावी लागतात: माउरो फोआ, रेंझो जोर्दानो. ते सत्तावीस खंड आहेत. त्यांतलं 'ग्लोरिया' हे चर्चमधलं स्तोत्र सप्टेंबर १९३९ मध्ये सिएनाला पुन्हा गायलं गेलं, युद्ध नुकतंच पेटलेलं असताना. मी रोज त्या पाटीखालून जाताना विवाल्डीआधी त्या मुलांना आठवते.

व्हिएन्ना विद्यापीठाच्या अंगणातही गेले होते. चहूबाजूंच्या ओवऱ्यांत दीडशेच्या वर विद्वानांचे पुतळे आहेत. बोल्ट्झमनची एक विद्यार्थिनी होती, लीझ माइटनर, याच शहरात जन्मलेली. म्हातारपणीही ती त्याच्या व्याख्यानांबद्दल भरभरून बोलायची. ज्यू म्हणून १९३८ मध्ये तिला बर्लिन सोडून पळावं लागलं आणि त्याच हिवाळ्यात स्वीडनमध्ये भाच्याबरोबर बसून तिने युरेनियमचा अणू दुभंगतो म्हणजे काय होतं ते उलगडलं. नोबेल मिळालं ते तिचा बर्लिनमधला सहकारी ओटो हान, त्या एकट्याला. या अंगणात शास्त्रज्ञ बायकांचे पुतळे आले कधी, तर २०१६ मध्ये. तोवर अख्ख्या अंगणात एकाच बाईचं नाव होतं आणि ती लेखिका होती. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. पण माइटनरच्या पुतळ्यासमोर दोन मुली खांद्याला खांदा लावून काहीतरी सोडवत बसल्या होत्या. त्यांना मी त्रास दिला नाही.

दिवसभर मला तुम्ही सांगितलेला चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आठवत होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. आजोबा गेले, तर या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि त्याला मिळालेली देणगी १२०७ च्या सुमारास दगडावर कोरून ठेवली. तुम्ही ती गोष्ट सांगितली तेव्हा मी नातू या शब्दाकडे लक्ष दिलं नव्हतं. आज ट्रामच्या खिडकीशी बसून तोच शब्द डोक्यात घोळत होता.

म्हणून आता मुद्द्याचं. आई परवा म्हणाली की माळा आवरायला काढलाय आणि तुमच्या शाळेच्या वह्या रद्दीत द्यायला तुम्हीच सांगितलंत. "कोण वाचणार आता," असं म्हणालात म्हणे. मी वाचणार. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या चौदा वह्या कोणी हलवू नका. गोट्या आणि वाट्यांचं पान सहाव्या की सातव्या वहीत आहे, समासात तुम्ही लाल शाईने "इथे मुलं अडतात" असं लिहिलंय. धाकट्याला सांगा, रोज दहा पानांचे फोटो काढून मला पाठव. पानं क्रमाने हवीत, समासासकट. शाई फिकी झाली असेल तिथे तुम्ही शेजारी बसून त्याला वाचून दाखवा आणि त्याने पेन्सिलीने वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावं. मी इथे ते एकेक करून टाइप करायला घेते. डिसेंबरात येईन तेव्हा अडलेल्या ठिकाणी तुमच्याकडे बसेन.

डोळ्यांचे थेंब चुकवू नका. आई-बाबांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची नात