गादी द्यायची तर रिकामी करून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहीरोंच्या नव्या वारसांवर आलेला लेख वाचला. स्पायडरमॅन काय, थॉर काय, जुनी नावं नव्या पोरापोरींच्या अंगावर चढवायची टूम गेल्या दहा-बारा वर्षांतली आहे आणि ती निव्वळ खपासाठी काढली आहे, असा लेखाचा सूर आहे; वारस फसतात याचा दोषही त्यांच्या जातीधर्माला आणि लिंगाला दिला आहे. खपाचं मान्य. पण टूम नवी नाही, आणि सगळे वारस एकाच तराजूत घालण्याजोगे नाहीत. काही वीस-बावीस वर्षं टिकले, काहींनी वर्षभरात गाशा गुंडाळला. असं का झालं ते त्या त्या अंकांतच दिसतं, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

मराठी वाचकाला हा वारसा पहिल्यांदा दाखवला तो वेताळानं. ली फॉकचा वेताळ अमेरिकी वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाला आणि पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून (१९६४ ते १९९०) आपल्याकडे घरोघर पोचला. जंगलातले लोक ज्याला अमर समजतात तो खरं तर एकविसावा. पहिल्यानं १५३६ साली बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली आणि तेव्हापासून रिवाज पडला. मुलगा बाहेर शिकायला जातो, बाप शेवटच्या घटका मोजत असताना परततो, शपथ घेतो, बापाला कवटीगुहेत पुरतो, तोच पोशाख चढवतो, त्याच दोन अंगठ्या घालतो, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. हे चालतं, कारण विसावा वेताळ गुहेत पुरलेला आहे आणि तो उठून येत नाही. शिवाय फॉक १९९९ साली मरेपर्यंत ही चित्रमालिका लिहीत राहिला, त्यामुळे मधेच कुणी नियम फिरवले नाहीत. खोट एवढीच, की गादी मुलाकडेच जायची. सतराव्या वेताळाची बहीण ज्युली हिनं भाऊ जखमी असताना पोशाख चढवून काम निभावलं, पण क्रमांक काही तिला मिळाला नाही.

रक्ताचं नातं नसताना नाव पुढे गेलं ते अफाट वेगानं धावणाऱ्या फ्लॅशचं. पहिला फ्लॅश, जे गॅरिक, १९४० सालचा. त्याचा अंक १९४९ मध्ये बंद पडला. १९५६ साली ‘शोकेस’ या कॉमिकच्या चौथ्या अंकात बॅरी ॲलन आला, त्यानं लहानपणी जे गॅरिकचे कॉमिक्स वाचले होते, म्हणून तेच नाव घेतलं, अशी गंमतशीर सोय लेखकांनी केली. तिसरा वॉली वेस्ट. आयरिस ही वॉलीची आत्या आणि बॅरी तिचा नवरा, म्हणजे वॉलीनं गादी घेतली ती आतोबांची. १९८५ साली बॅरी मेला, आणि १९८७ साली वॉलीच्या नावानं अंक पुन्हा पहिल्यापासून निघू लागला.

त्या अंकांत लेखकांनी केलेली एक गोष्ट फार मोलाची. त्यांनी वॉलीला बॅरीपेक्षा कमी ठेवला. बॅरीच्या वेगाला सीमा नव्हती; वॉली ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडायचा, आणि धावून झालं की त्याला बकासुरासारखी भूक लागायची. चार माणसांचं जेवण एकटा संपवायचा. स्वभावानंही सुरुवातीला उथळच. वाचकाला त्यामुळे त्याची काळजी वाटायला जागा मिळाली. १९९३ साली बॅरी परत आल्याची कथा आली (तो बॅरी नव्हताच, जुना शत्रू निघाला), आणि त्यात उलगडलं, की वॉलीला वेग कमी नव्हता. आपण आतोबांइतके धावलो तर त्यांची जागा कायमची घेतली असं होईल, या धास्तीनं तो स्वतःलाच रोखून धरत होता. पण सहा वर्षांची तयारी होती म्हणून हा उलगडा पटतो. पहिल्याच अंकात दाखवला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

बडोद्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १८७५ साली कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना (पुढचे सयाजीराव महाराज) जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेऊन गादीवर बसवलं, पण कारभार हाती आला तो १८८१ च्या डिसेंबरात. मधल्या काळात इलियटसाहेबांची शिकवणी आणि माधवरावांची दिवाणगिरी. पदच्युत मल्हारराव तिकडे मद्रासला. ते उद्या परत येऊन बसतील अशी टांगती तलवार बालराजावर नव्हती. वॉलीलाही नेमकं हेच मिळालं, जागा रिकामी आणि शिकायला वेळ, म्हणून बॅरीविना फ्लॅश वीस वर्षांहून जास्त चालला. आणि २००८ साली प्रकाशकांनी बॅरीला जिवंत करून आणलं, तेव्हा त्याच वॉलीला काम उरलं नाही. २०११ साली सगळ्या मालिका नव्यानं मांडल्या त्यात तो गायब, तो २०१६ पर्यंत. दोघांचा वेग सारखा, शत्रू सारखे, शहरही जवळपास तेच. मग दुसऱ्यानं करायचं काय?

बॅटमॅनच्या घरचा मामला वेगळा. रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, ही गादी नव्हे, उमेदवारी आहे. डिक ग्रेसन १९४० साली आला आणि १९८४ साली नाइटविंग होऊन स्वतंत्र झाला. त्याच्या जागी १९८३ मध्येच आणलेला जेसन टॉड म्हणजे डिकचीच नक्कल होता. तोही सर्कशीतला, त्याचेही आईबाप मारले गेलेले. वाचकांनी तो मनावर घेतला नाही. मग १९८७ साली त्याचा पूर्वेतिहासच बदलून टाकला. आता तो बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला रस्त्यावरचा पोरगा, तापट आणि उर्मट. तरीही जमेना. अखेर १९८८ साली प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले, एक त्याला जगवायला आणि एक मारायला. एका फोनला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. वाचक क्रूर निघाले असं याबद्दल नेहमी म्हटलं जातं. आम्हाला तसं वाटत नाही. वारसाला आधीच्याची हुबेहूब नक्कल करून आणलं, मग गडबडीनं उलटं टोक गाठलं, आणि नंतर निकाल वाचकांवर ढकलला. दोष संपादकीय खोलीतला आहे.

त्या खोलीतली माणसं शिकली मात्र. टिम ड्रेक १९८९ साली आला तो कुणाचाही बळी नव्हता. लहानपणी सर्कशीत डिकची चार कोलांट्यांची उडी त्यानं पाहिली होती. पुढे रॉबिनला तीच उडी मारताना पाहिलं आणि दोघं एकच हे ताडलं. बॅटमॅनचं गुपितही त्यातूनच फुटलं. मुलगा हेर म्हणून लायक आहे हे लेखकांनी असं कामातून दाखवलं. तरी पोशाख लगेच दिला नाही. वर्षभर तालीम, आणि १९९० च्या अखेरीस नवा पोशाख, त्यात पन्नास वर्षांची ती उघड्या मांड्यांची चड्डी एकदाची जाऊन पायघोळ विजार आली. १९९१ च्या त्याच्या छोट्या स्वतंत्र मालिकेत त्याला किंग स्नेक हा स्वतःचा शत्रू मिळाला, बॅटमॅनचा जोकर उसना घ्यावा लागला नाही. १९९३ साली सुरू झालेली टिमची मालिका १८३ अंक चालली.

खुद्द बॅटमॅनची जागा १९९३ साली जाँ-पॉल व्हॅलीला मिळाली, तो प्रकार आणखी निराळा. बेन या खलनायकानं ब्रूस वेनचा, म्हणजे मूळ बॅटमॅनचा, कणा मोडला (अंक ४९७) आणि गादी डिकला न देता या नवख्याला दिली. यावर त्या काळी बरीच ओरड झाली, पण ती निवड जाणूनबुजून चुकीची होती. त्या सुमारास बंदूक चालवणारे, माणसं मारणारे नायक लोकप्रिय होत होते. बॅटमॅन तसा झाला तर काय होईल, ते संपादकांना दाखवायचं होतं. व्हॅलीनं पोशाखावर चिलखत आणि नख्या चढवल्या आणि एका खुन्याला मरू दिलं. त्या खुन्यानं कोंडून ठेवलेला माणूसही मग सापडला नाही, तो मेला. १९९४ साली ब्रूस परतला. इथे वारस टिकला नाही हेच कथेचं यश आहे. याची वॉलीशी तुलना करून ‘फसलेला वारस’ म्हणणं म्हणजे खलनायकाला नाटकात हरला म्हणून नावं ठेवणं.

आता आपल्या लेखातल्या मुख्य तक्रारीकडे. जेन फॉस्टरला लेखकानं ‘बाईला थॉर केलं’ एवढ्या वाक्यात निकालात काढलं आहे. २०१४ च्या त्या मालिकेचा कणाच त्यातून निसटतो. जेनला कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. थॉरचा हातोडा उचलला की तिचं शरीर देवतेचं होतं, आणि त्या बदलात अंगातलं ‘विष’ धुऊन निघतं. केमोथेरपीचं औषधही विषच, तेही धुऊन निघतं. गाठ मात्र तशीच राहते. म्हणजे प्रत्येक वेळी जग वाचवताना तिचा उपचार शून्यावर येतो. आधीच्या थॉरला ही किंमत कधी मोजावी लागली नव्हती. वारसाला स्वतःचं काय द्यावं याचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत चोख नमुना हा आहे.

नवी मिस मार्व्हल कमला खान हिच्या बाबतीत गादी कुणाच्या मरणानं रिकामी झालीच नाही. आधीची मिस मार्व्हल कॅरल डॅनव्हर्स २०१२ साली कॅप्टन मार्व्हल झाली, म्हणजे तिला बढती मिळाली, आणि मिस मार्व्हल हे नाव मोकळं झालं. २०१४ च्या पहिल्या अंकात जर्सी सिटीची ही पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी शक्ती मिळताच हुबेहूब कॅरल बनते: सोनेरी केस, उंच बूट, तोकडा पोशाख. आणि लगेच वैतागते, कारण तो पोशाख नीट बसत नाही, वर सरकतो. शेवटी ती घरातल्या बुर्किनीचा (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) पोशाख करते. नवा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस याचंही तसंच. २०११ साली आधीचा स्पायडरमॅन पीटर पार्कर मेल्यावर तो त्याच्याच पोशाखाची नक्कल घालून बाहेर पडतो, तर लोक म्हणतात, हे काही बरं दिसत नाही. जाळं फेकायची यंत्रंही त्याच्याकडे नसतात. ती नंतर पीटरच्या मे काकू पीटरची म्हणून माइल्सच्या हाती देतात. घरच्या माणसानं वस्तू दिली की वाचकाचा आक्षेप निम्मा मावळतो.

याउलट सॅम विल्सन. २०१४ साली मूळ कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्स म्हातारा झाला आणि त्यानं ढाल सॅमला दिली. इथपर्यंत ठीक. पण २०१६ साली स्टीव्ह पुन्हा तरुण झाला, त्याला वेगळ्या आकाराची दुसरी ढाल मिळाली, आणि कॅप्टन अमेरिका या नावानं दोघांचे दोन अंक एकाच वेळी दुकानात. सॅमच्या मालिकेत चांगल्या गोष्टी होत्या, पण गिऱ्हाईक ‘खरा कोणता’ एवढंच विचारत राहिलं. २०१७ साली सॅमनं ढाल परत केली. चित्रपट आणि खेळणी जुन्या नावा-चेहऱ्यावर विकली जातात तोवर प्रकाशकाचा हात मूळ माणसाकडे वळणारच. आपल्या लेखकानं याचं खापर वारसांच्या जातीधर्मावर किंवा लिंगावर फोडलं, तो हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला.

शहरातली वाचनालयं आणि पालक या अंकांचे एकत्र खंड हल्ली मागवू लागले आहेत, म्हणून खरेदीबद्दल थोडं. केवळ अंक क्रमांक सांगून मागवू नये, मालिकेचं सुरू झालेलं साल जरूर सांगावं; ‘थॉर, अंक १’ या नावाचे कितीतरी अंक आहेत. जेनची गोष्ट २०१४ च्या मालिकेत १ ते ८, मग २०१५ च्या ‘द मायटी थॉर’मध्ये १ ते २३, आणि त्यानंतर एकदम ७०० ते ७०६ अशी आहे. मधले अंक हरवलेले नाहीत, प्रकाशकानं जुने सगळे अंक मोजून क्रमांक पूर्ववत केला. माइल्सची सुरुवात २०११ च्या २८ अंकांपासून करावी. २०१६ ची मालिका हाती आधी पडली तर तो कुठून आला ते कळत नाही. वॉलीसाठी १९९३ ची कथा एकटी घेऊ नये, आधीचे निदान दहा-बारा अंक सोबत हवेत. कमला दहा-बारा वर्षांच्या मुलांना खुशाल द्यावी. जेसनच्या मृत्यूचा खंड मात्र मुलांच्या कपाटात ठेवू नये, त्यात पोराला लोखंडी पहारीनं मारतानाची पानं आहेत. आणि कपाटावर चिठ्ठी लावताना ‘बॅटमॅन’ किंवा ‘फ्लॅश’ एवढंच न लिहिता त्याखाली माणसाचं नावही लिहावं.

आपले,
काही कॉमिक्सवाचक
दांडिया बाजार, बडोदे