पुठ्ठ्याचा धनादेश आणि चेंबरचं झाकण

मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका महापालिकेच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात तंत्रज्ञानाचा उपाय करून दाखवायच्या स्पर्धेत, आमच्या पोरांना दुसरं बक्षीस मिळालं. ड्रेनेज तुंबायला लागलं की मोबाइलवर मेसेज धाडणारं यंत्र त्यांनी केलं होतं. पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश, शाल, फोटो, सगळं यथासांग झालं. महिनाभराने पोरं विचारायला गेली, एखाद्या प्रभागात लावून बघू का? उत्तर मिळालं, निविदा निघेल तेव्हा भरा. अटी काय, तर तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव आणि बयाणा रक्कम. तिसऱ्या वर्षाच्या पोरांची उलाढाल म्हणजे मेसचं बिल!

खरी गंमत पुढेच आहे. ते यंत्र पोरांनी ड्रेनेजच्या एका मुकादमांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तळाला लावलंत तर आठ दिवसांत गाळात जाईल. वर, झाकणाजवळ लावा. आणि तुंबतं त्या चेंबरला नको, त्याच्या वरच्या अंगाच्या चेंबरला लावा. पाणी आधी तिथं चढतं." दोन दिवसांच्या हॅकेथॉनमध्ये हे कुणी बोललं नव्हतं. बोलणार कोण? परीक्षकांत सल्लागार होते, एक उद्योजक होते, मुकादम नव्हते.

बॉस्टन शहराने गाडीतल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे टिपणारं 'स्ट्रीट बंप' ॲप करायला घेतलं, तेव्हा फोनला खड्डा कुठला आणि मॅनहोलचं झाकण कुठलं हेच कळेना. त्यांनी ही अडचण झाकून ठेवली नाही. चारचौघांत मांडली, २५ हजार डॉलरचं बक्षीस लावलं आणि बाहेरच्या लोकांकडून गणित सोडवून घेतलं. बार्सिलोनाने २०१४मध्ये सहा प्रश्न जाहीर केले. उपाय अमुकच हवा असं सांगितलं नाही, आणि जिंकणाऱ्याला काम द्यायचं आधीच ठरवलं. मला यातलं हे काम देणं जास्त मोलाचं वाटतं. बक्षिसं आपणही वाटतो.

आणि हे आपल्याला नवं नाही. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश, म्हणजे काम करायचे लेखी आदेश, मिळाले आहेत, सरकारी खात्यात उपाय लावून बघायची संधी मिळाली आहे. मग हीच सोय राज्यातल्या २९ महापालिकांनी आपापल्या पातळीवर का ठेवू नये? छोट्या प्रयोगाला उलाढालीची अट कशाला? एक प्रभाग, एक पावसाळा, ठरलेली रक्कम. फसला तर फसला, पण का फसला ते लिहून सगळ्यांना वाचायला ठेवा.

जाता जाता एक. तुंबण्याच्या तक्रारींची यादी पोरांनी मागितली, तेव्हा स्कॅन केलेली पीडीएफ मिळाली, तीही तिरकी. पोरांनी चार रात्री बसून आकडे हाताने टंकले. साधी एक्सेल फाइल द्यायला पैसे लागत नाहीत, साहेब.

पोरं आता नोकरीला लागलीत. यंत्र प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे, चालू आहे. पावसाळ्याआधी एक प्रभाग मिळाला तर सुट्टी काढून येऊ म्हणतात. जमल्यास मुकादम निवृत्त व्हायच्या आत कळवावं.

आपला,
एक प्राध्यापक