टाक्यांचा तो एक कोपरा

प्रिय सखे,

स्तन लहान करायच्या ऑपरेशनची तारीख ठरली, फार बरं झालं. मानेची आणि खांद्यांची ती ओढ तू पुष्कळ सोसलीस.

माप नेमकं किती होईल, हे कोणताही सर्जन छातीठोकपणे सांगणार नाही. निपलचं रक्त चालू राहील एवढा भाग ठेवावाच लागतो. बहुतेक वेळा निपल सुटं काढत नाहीत, आतल्या मांसाच्या पट्ट्यासकट वर सरकवतात. म्हणून सिगारेट आधी आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आत्ताच सांग, मनाने बंद करू नकोस. पुढे बाळाला अंगावर पाजायचं मनात असेल तर तेही सांग, कारण दूध पुरेसं येईलच याची खात्री नसते.

पेनाच्या खुणा तुला उभं करून काढतील, कारण आडवं झालं की स्तन बाजूला सरकतात. पूर्ण भुलेखाली साधारण दोन ते चार तास लागतात. काढलेला भाग तपासणीला लॅबमध्ये जातो, त्याने घाबरू नकोस.

आता खरं महत्त्वाचं. बऱ्याचदा टाके उलट्या टीसारखे असतात: निपलभोवती, तिथून खाली आणि स्तनाखालच्या घडीत. खाली तिन्ही बाजूंची कातडी जिथे मिळते, तिथे ताण सर्वांत जास्त आणि रक्त सर्वांत कमी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे कधीकधी छोटीशी जखम उघडते, पिवळसर पाणी येतं. दिसायला वाईट, पण दाखवून ड्रेसिंग करत राहिलं की बहुधा आपोआप भरते.

मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, दुखणं वाढलं, तर आत रक्त साचत असेल. निपल काळपट पडलं, ताप आला, लाली पसरू लागली, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर तेही धोक्याचंच. सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन कर.

निपल बरेचदा बधिर होतं, कधी उलट कपडा लागला तरी झोंबतं. महिन्यांनी सुधारतं, काहींची संवेदना कायमची जाते, हे मनाशी धरूनच सही कर.

पुढून उघडणाऱ्या, तारेशिवायच्या दोन ब्रा आधीच आण, हात वर होणार नाहीत. सहाएक आठवडे रात्रंदिवस घालाव्या लागतील. जड उचलणंही तोवर बंद. कायमच्या मापाच्या ब्रा मात्र सहा महिन्यांनीच घे, सूज तोवर उतरत असते.

तुझीच