गेटवरची घाई आणि गाडी चालवतानाचा संयम

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विजापूर रोड, सोलापूर

विषय: गेटजवळचा गतिरोधक, आरसा आणि वाहनचालकांची बैठक

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेटच्या आत तीन रबरी पट्ट्या बसवण्याची नोटीस वाचली. वेग कमी व्हायलाच हवा, पण या पट्ट्या नकोत. त्या अरुंद आणि उंच असतात, म्हणून दुचाकीवाले कडेने, भिंतीलगत गाडी काढतात आणि मुले नेमकी तिथूनच चालतात. काही महिन्यांत बोल्ट सैल होऊन वर येतात, टायर फाटतो. त्याऐवजी डांबरी, गोलाकार गतिरोधक करावा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच असतो. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्यावा, पावसाच्या पाण्यासाठी खालून पाईप टाकावा आणि वर पांढरे पट्टे मारावेत. पट्टे नसतील तर रात्री तो दिसतच नाही.

ताशी 30 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद जातो. गाडी थांबेपर्यंत सुमारे 14 मीटर होतात. 15 च्या वेगात हेच अंतर सहा मीटरच्या आत येते. व्हॅनमागून अचानक पळत आलेल्या मुलासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

डाव्या वळणावर 60 सेंटीमीटरचा बहिर्गोल आरसा हवा. त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून आरशात रस्ता मोकळा दिसला तरी गाडी हळूच पुढे घ्यायची, हे सर्वांना सांगावे लागेल.

आता आम्हा ख्रिस्ती कुटुंबांच्या मनातला मुख्य विषय. गतिरोधक गेटपुरता, हॉर्नवरचा हात आवरायला संयमच लागतो. बायबलमध्ये संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, प्रीती, आनंद, शांती यांच्यानंतर लगेच सहनशीलता येते. तिला फळ म्हटले आहे, म्हणजे रोज निगा राखावी लागते. सात रस्ता चौकातल्या गर्दीत ती ऐनवेळी उगवत नाही. ही निगा म्हणजे काय, तर घरातून दहा मिनिटे आधी निघणे. प्रार्थना चावी फिरवण्याआधी करावी. सिग्नलला डोळे मिटू नयेत. कोणी मध्ये घुसले तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून तीन सेकंदांचे अंतर पुन्हा पडू द्यावे: पुढची गाडी ज्या खांबापाशी गेली, तिथे आपण तीन मोजल्यावर पोहोचलो पाहिजे. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ तेवढ्या वेळात मनात म्हणून होते, आणि ती म्हणणाऱ्याचा हात हॉर्नकडे सहसा जात नाही. आरशाला लटकवलेली जपमाळ किंवा क्रूस मात्र काढावा. तो हलत राहतो, नजर खेचतो आणि कडेने येणारा सायकलवाला त्यामागे झाकला जातो. मागच्या काचेवर बायबलचे वचन लिहिणाऱ्यांनीही काच किती झाकली जाते ते पाहावे.

सगळ्यात कठीण परीक्षा ऊस हंगामात असते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी 20 ने पुढे, आपण 40 ने त्याला ओलांडतो आहोत असे धरा. मागे-पुढे सुरक्षित अंतर ठेवले तर सुमारे सात सेकंद लागतात. तेवढ्यात आपण 80 मीटर जातो आणि समोरून 60 ने येणारी गाडी जवळपास 120. म्हणजे 200 मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. दिसत नसेल तर मागेच राहावे. दोन किलोमीटर त्याच्यामागे गेलो तरी वाया जातात फक्त तीन मिनिटे. रात्री ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असे नाही, म्हणून अंतर आणखी वाढवावे.

हे सर्व सांगायला एका रविवारी उपासनेनंतर, सायंकाळी पाच वाजता, सोसायटीचे सभागृह एक तासासाठी मिळावे. बैठक सर्व रहिवाशांसाठी असेल. श्रद्धेचा भाग शेवटची दहा मिनिटे, ज्यांना थांबायचे त्यांच्यासाठी. गेटवर वचनाची पाटी लावावी असे आम्ही म्हणत नाही, गेट सर्वांचे आहे. तिथे ‘वेग 15, हॉर्न नको’ एवढेच असावे.

आरशाचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. गतिरोधकाचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा आणि तोवर रबरी पट्ट्यांची ऑर्डर थांबवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सोसायटीतील ख्रिस्ती कुटुंबे