तुझे शेरे आता यंत्र वाचते

राजारामपुरी, कोल्हापूर
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, याबद्दलच्या तुझ्या शिव्या मी मनातल्या मनात आधीच खाऊन घेतल्या आहेत, तेव्हा त्या पुन्हा देऊ नकोस. माझी साखर आटोक्यात आहे, हिची कंबर आहे तशीच आहे. आता मुद्द्याचे लिहितो, कारण ते कळेल असा माणूस तुझ्यावाचून मला दुसरा नाही.

आपल्या फाउंड्रीत फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करण्याच्या जागेच्या, पुढे जिथे तुझे तपासणीचे लोखंडी टेबल होते, तिथे आता कॅमेरा बसवला आहे. भोवती गोल दिवा, खाली सरकता पट्टा. शॉट ब्लास्टमध्ये छर्‍यांच्या मार्‍याने साफ होऊन आलेले पंपाचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, त्याखालून जाते आणि लगेच हिरवा किंवा लाल दिवा लागतो. त्याला शिकवायचे म्हणून मी संगणकावर फोटो पाहत ब्लोहोल, पिनहोल ही वायूची लहानमोठी छिद्रे आणि कोल्ड शट, म्हणजे धातू नीट न जुळल्याची रेघ, यांच्याभोवती चौकोन काढत बसतो. माझी चित्रकला तू जाणतोसच. आमची सुमी मात्र सांगते की यात कमीपणा काही नाही. 2009 साली सुरू झालेल्या इमेजनेट नावाच्या संग्रहात 1 कोटी 40 लाखांहून अधिक चित्रे आहेत, त्यांनाही इंटरनेटवरून किरकोळ मोबदल्यावर काम करणाऱ्या माणसांनीच नावे लावली, आणि 2012 नंतर यंत्रांची नजर सुधारली ती त्याच जोरावर.

यंत्राच्या गमतीही पुष्कळ आहेत. पाऊस लागला तसा यार्डातल्या मालावर रात्रीतून तांबूस गंज चढू लागला. उन्हाळ्यातल्या फोटोंवर शिकलेल्या यंत्राने त्या प्रत्येक डागाला दोष ठरवून सकाळभर लाल दिवा लावून ठेवला, आणि शेवटी पोरांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. मग गंजलेल्या मालाचे फोटो घालून त्याला पुन्हा शिकवावे लागले. साहेब लोक अचूकतेचे टक्के विचारतात, तेव्हा मला हसू येते. शंभरांत तीन तुकडे सदोष असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना पास करणाराही 97 टक्के अचूक ठरतो. असा एक तपासनीस आपण रात्रपाळीत पाहिलेला आहे, नाव लिहीत नाही.

हे सगळे चालले असते. परंतु जुन्या मालाचे फोटो आणि नोंदवह्याही त्यात घातल्या गेल्या, म्हणजे तुझे शेरेही आले. इंजिनिअर पोरगा मला म्हणाला, "काका, एकाच जागेच्या तसल्याच छिद्राला एका पाळीत पास लिहिले आहे आणि दुसऱ्या पाळीत रिजेक्ट, त्यामुळे मॉडेल गोंधळते." मी वही उघडली. पास माझा, रिजेक्ट तुझा, आणि जागा तीच, बेअरिंग बसते ती! मशिनिंगसाठी तीन मिलिमीटर माल जादा ठेवलेला असतो, त्यात उथळ छिद्र निघून जाते, हे माझे म्हणणे. वरून मोहरीएवढे दिसते त्याच्या पोटात किती आहे हे कोणी पाहिले, हे तुझे. यावरून मिसळ खाताना आपण बोलणे टाकले होते, आणि पैसे मात्र मलाच द्यावे लागले होते.

पोराने तोडगा काढला की ज्याच्या नोंदी जास्त, त्याचे खरे धरावे. नोंदी माझ्या जास्त आहेत, कारण तू आधी नोकरी सोडून पिंपरीला गेलास. अशा रीतीने आपला जुना वाद मी जिंकलो आहे, आणि विजू, तो असा जिंकण्याची माझी मुळीच इच्छा नाही. आपण भांडत होतो तेव्हा निदान दोन माणसे त्या तुकड्याकडे पाहत होती, आणि फारच ताणले तर आबांना हाक जायची. आबा तो तुकडा साखळीला टांगून हातोडीचा हलका ठोका देत, डोळे मिटून ऐकत. आवाज लांबवर घुमला तर माल पुढे जाई, बद्द वाजला तर आत तडा आहे म्हणून बाजूला पडे. कॅमेऱ्याला वरची कातडी तेवढी दिसते. उद्यापासून तो माझेच मत, माझ्याइतकेही न कचरता, एकामागून एक केसिंगला लावत जाईल, आणि तपासणीच्या कागदावर सही मात्र माझी राहील.

म्हणून मी पास आणि रिजेक्ट यांच्या जोडीला शंकेचा तिसरा कप्पा मागितला आहे, म्हणजे असा तुकडा पट्ट्यावरून उतरून माणसाच्या हातात येईल. पोराला ते पटले. वरचे विचारतात की माणूस ठेवायचाच तर यंत्र कशाला घेतले. या प्रश्नावर तू टेबलावर काय आपटले असतेस ते मला ठाऊक आहे, परंतु मला अजून पेन्शनपर्यंत पोहोचायचे आहे.

गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, व्यायाम टाळू नकोस. धाकटीचे लग्न ठरले, फार आनंद झाला. आम्ही दोघेही येतो, वहिनींना नमस्कार सांग.

वादातल्या तुकड्यांचे फोटो सुमीच्या फोनवरून पाठवतो. प्रत्येकापुढे तुझा निकाल लिही आणि कारणही लिही, म्हणजे तिसऱ्या कप्प्यासाठी मला वर काहीतरी दाखवता येईल. नुसते "रिजेक्ट" लिहून पाठवलेस, तर पुढची मिसळ तुझ्या खर्चाने.

तुझा,
सदा